दगडावरचं लाल नाव

मियोसाका, शिनशू
२४ सप्टेंबर १९९७

चि. सुमिएस,

पत्राच्या सुरुवातीला हवेबद्दल लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. हवा आहे. सकाळी गार, दुपारी बरी. झालं.

काल टेकडीवर पितरांना भेटून आले. मी पुढे फुलं, उदबत्त्या आणि भाताचे गोड ओहागी घेऊन, आमचे हे मागून पाण्याची बादली घेऊन. तात्सुजीला गोड फार लागायचं म्हणून ओहागी चांगले मोठे वळले होते. एक कावळ्याने आमच्या डोळ्यांदेखत पळवला. कावळा तात्सुजीनेच पाठवला असणार. खाण्याच्या बाबतीत माझ्या भावाला कधी धीर नव्हताच. तू सव्वीस वर्षं त्याच्याशी संसार केलास, तुला वेगळं काय सांगू.

मग तुझं नाव रंगवलं. थडग्याशेजारच्या पाटीवर त्याच्या नावाला लागून तुझं कोरून ठेवलंय ना, त्यातला लाल रंग यंदा पार उडाला होता. जिवंत माणसाचं नाव लाल, गेलेल्याचं बिनरंगी. आता रंगच उडाल्यावर लोकांनी काय समजायचं? समोरच्या थडग्यापाशी आलेली बाई तुझ्या नावाला हात जोडून मला म्हणते, "अगंबाई, तुमची भावजयही गेली का?" म्हटलं, "नाही हो, नागोयाला असते. जंतू पाळते." तिने हात सोडले, पण जरा नाराजीनेच.

रंगाचे चांगले दोन हात दिलेत. आता "होशिना सुमिए" खालच्या रस्त्यावरूनही वाचता येतं. तेव्हा निदान दहा वर्षं तरी माझी मेहनत वाया घालवू नकोस.

सोबत आपल्या दुकानातल्या मिसोचा डबा पाठवतेय, सोयाबीन आंबवून तीन वर्षं मुरवलेला. तुझ्यासारखे मीही आयुष्यभर जंतूच वाढवले, फक्त माझे सूपमध्ये घालता येतात.

हे हल्ली डोळे चोळत बसतात. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणतात, "हं." या माणसाच्या 'हं'चे सगळे अर्थ मला पाठ आहेत असं वाटत होतं, पण हा नवीन निघाला. दवाखान्यात न्यावं म्हणतेय.

नव्या वर्षाला ये. मागल्या वर्षीसारखं जंतूंना ताप आला वगैरे काही सांगू नकोस.

किनु


नागोया
३ ऑक्टोबर १९९७

ती. वन्संना नमस्कार.

माझ्या नावाची एवढी काळजी घेता म्हणून मी अजून जिवंत आहे, हे मला मान्य आहे. मिसो पोचला. पाच दिवसांत अर्धा डबा संपला. यात जंतूंचा काही दोष नाही.

जंतूंना ताप येत नाही, वन्सं. मागल्या वर्षी वाढपेटीचं यंत्र बिघडलं होतं. पण पंधरा वर्षं तुम्हाला हेच समजावतेय, तेव्हा आता ताप आला म्हणते.

यंदा नव्या वर्षाला नक्की येईन. त्याआधी मात्र थोडी गडबड आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मला टोकियोला जावं लागणार आहे. कशासाठी ते इतक्यात सांगता येत नाही. सांगायची मनाई आहे, म्हणून रागावू नका. आईचा काळा किमोनो उसवून नीट करायला टाकलाय. कंबरपट्टा बांधायची सवयच गेलीय, शेजारीण दर रविवारी येऊन शिकवते आणि मी दर रविवारी गुदमरते. मोरिवाकी रोज संध्याकाळी फोन करतात आणि मला धीर देतात. धीर देताना त्यांचाच आवाज कापतो.

एक विचारायचं होतं. सहजच. दगडावर कोरलेलं नाव बदलता येतं का हो? म्हणजे नंतर माणसाचं आडनाव वेगळं झालं तर? तुमचा तो दगडवाला काय म्हणतो, कधी तिकडून जाणं झालं तर विचाराल का? घाई नाही. पण या महिन्यात कळलं तर बरं.

भावोजींच्या डोळ्यांना आळस करू नका.

सुमिए


मियोसाका
८ ऑक्टोबर १९९७

सुमिए,

हवा गेली खड्ड्यात. कोण आहे तो?

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. काळा किमोनो, टोकियो, नोव्हेंबर, सांगायची मनाई, आणि आडनाव वेगळं झालं तर! वर कुणी मोरिवाकी म्हणून रोज संध्याकाळी फोन करतो आणि त्याचा आवाज कापतो. बाई गं, सत्तरीला आलीस. मला वाटलं होतं तू फक्त सूक्ष्मदर्शकातच बघतेस.

रागावलेय असं समजू नकोस. तात्सुजी जाऊन आठ वर्षं झाली. तू एकटी आहेस, रात्री प्रयोगशाळेतून येऊन थंड भात खातेस, हे मला माहीत आहे. कुणी गरम भात वाढणारा भेटला असेल तर मी आडवी येणार नाही. फक्त काही प्रश्न आहेत. त्याला पेन्शन आहे का? दात स्वतःचे आहेत का? आणि मुख्य म्हणजे मिसो खातो का? नागोयाचे लोक तो काळाकुट्ट मिसो खातात, तसला असेल तर घरात आणू नकोस.

यांना सांगितलं, "सुमिए लग्न करतेय." यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हं." मग पुन्हा वर्तमानपत्र वर केलं. पण पानं उलटी धरली होती. म्हणजे यांनाही धक्का बसलाय.

दगडवाल्याकडे अजून गेले नाही. आधी मुलगा बघू, मग दगडाचं बघू.

किनु


नागोया
१२ ऑक्टोबर १९९७

ती. वन्सं,

तुमचं पत्र मी भुयारी गाडीत उघडलं आणि इतकी हसले, की शेजारचे गृहस्थ उठून दुसऱ्या डब्यात गेले.

मोरिवाकींनी माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलं. त्यांना माझ्याशी लग्न करायचं असेल तर आधी बायकोला विचारावं लागेल, आणि ती लगेच हो म्हणेल अशी मला भीती वाटते. दात अर्धे स्वतःचे आहेत. मिसो काळा खातात. तेव्हा बोलणी इथेच मोडली असं समजा.

आता खरं सांगते, पण हे २८ तारखेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. कोणालाही म्हणजे मासेवालीलाही. मला विज्ञानाचं राष्ट्रीय पदक द्यायचं ठरलंय. सप्टेंबरात फोन आला, "दिलं तर घ्याल का?" मी रीतीप्रमाणे म्हटलं की माझी तेवढी लायकी नाही. पलीकडचे म्हणाले, "होय, होय, पण घ्याल ना?" त्या 'होय, होय'ने मी जरा दुखावले, पण घेते म्हटलं.

कशासाठी ते तुम्ही विचारणारच. पेशी वाढते तेव्हा आपला सगळा मजकूर दुसऱ्यांदा उतरवून काढते. उतरवताना चुका होतात, तुमच्या-आमच्यासारख्याच. मग पेशी मूळ मजकूर आणि नवी नक्कल शेजारी ठेवून ती चूक शोधते आणि दुरुस्त करते. ती मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे ओळखते कशी, यातला एक दुवा मला सापडला. तीस वर्षांपूर्वी सापडला, लोकांनी त्यावर विश्वास ठेवायला पंधरा वर्षं घेतली आणि सरकारने आणखी पंधरा.

आता नावाचं. पदकावर आणि मानपत्रावर कुटुंबाच्या सरकारी नोंदीत असेल तेच नाव घालतात, म्हणजे होशिना. माझा एकूणएक शोधनिबंध उबुकाता या नावाने आहे, कारण पहिला निबंध लिहिला तेव्हा मी ती होते. नंतर कायद्याप्रमाणे नवरा-बायकोचं आडनाव एक झालं. पगार होशिनाचा, दारावरची पाटी होशिनाची, काम उबुकाताचं. डेन्मार्कहून एक नावाजलेले प्राध्यापक डॉक्टर उबुकातांना भेटायला आले होते, तेव्हा फाटकावरच्या माणसाने "अशी कोणी बाई इथे कामाला नाही" म्हणून त्यांना परत पाठवलं. ते स्टेशनवर शेवया खाऊन गेले. त्यांनी मला लिहिलं, शेवया छान होत्या.

तेव्हा मी हसले. या वेळी हसू येत नाही, वन्सं. २८ तारखेला वर्तमानपत्रात होशिना सुमिए छापून येईल, आणि जगात ज्यांना माझं काम माहीत आहे ते विचारतील, ही कोण?

नवरा गेल्यावर बाईला नगरकचेरीत जाऊन आपलं पहिलं आडनाव परत घेता येतं. नातं तुटत नाही. नातं तोडायचा अर्ज वेगळा असतो, तो मी मागितलेलासुद्धा नाही. पण थडगं होशिनांचं आहे, आणि एका घराच्या थडग्यात दुसऱ्या आडनावाचं माणूस ठेवत नाहीत हे मलाही कळतं. मला तात्सुजींच्या शेजारीच यायचंय. म्हणून दगडाचं विचारलं. मला २४ तारखेच्या आत नाव कळवायचंय.

तुम्ही काय म्हणाल तसं.

सुमिए


मियोसाका
१५ ऑक्टोबर १९९७

सुमिए,

पदकाबद्दल अभिनंदन.

दगडवाल्याला विचारलं. नाव बदलता येत नाही. पाटीचा वरचा थर घासून ओळ काढावी लागते. काढता येते, म्हणाला.

मी फक्त आळीच्या प्रमुखांना सांगितलं होतं, तेही गुपित म्हणून. त्यांनी लगेच बारा हात कापडाचा फलक रंगवून घेतला. "मियोसाकाची सून होशिना सुमिए यांचे हार्दिक अभिनंदन." आमच्या दुकानात गुंडाळून ठेवलाय. त्याचं काय करायचं तेही कळव.

मधल्या आळीतल्या तोफूवाल्याच्या सुनेनेही नवरा गेल्यावर असंच नाव टाकलं होतं. जाताना म्हणाली होती, येत जाईन. ती आता कुठे असते कुणाला माहीत नाही.

हवेचं लिहायचं राहिलं. थंडी पडलीय.

किनु


नागोया
१८ ऑक्टोबर १९९७

ती. वन्सं,

राहू दे. मी होशिना म्हणूनच पदक घेईन. सोमवारी तसं कळवते. फलक लावा, आणि उलटा लावू नका, भावोजींवर लक्ष ठेवा.

मी रागाने लिहीत नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा मी मिसोचं सूप करत होते. ते पत्र वाचलं, सूप उतू गेलं, आणि एकदम वाटलं की या घरातलं मला कोण उरलंय? तुम्ही आणि भावोजी. डेन्मार्कच्या प्राध्यापकांनी ओळखलं नाही तर मी मरणार नाही. तुम्ही पितरांच्या दिवसांत टेकडीवर जाऊन माझ्या नावापुढे थांबला नाहीत, तर मात्र मला फार वाईट वाटेल.

एक गोष्ट सांगते, आता सांगायला हरकत नाही. आम्ही बरीच वर्षं नोंद न करताच एकत्र राहत होतो, तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आईंनी अंथरुणावरून हट्ट धरला तेव्हा नोंद करायला निघालो. कचेरीच्या पायरीवर तात्सुजी म्हणाले, "कुणाचं आडनाव लावायचं, नाणं उडवू या." त्यांनीच उडवलं. नाणं माझ्या बाजूने पडलं. ते खूश झाले, म्हणाले, "चला, आजपासून मी उबुकाता तात्सुजी!" आणि मग आम्हा दोघांनाही आठवलं की तिकडे तुम्ही शुभकार्याचा लाल भात शिजवून वाट बघत बसला आहात. नाणं खिशात घातलं आणि होशिना लिहून आलो. मीच म्हटलं तसं लिहा. भात फार छान झाला होता.

पण त्या दिवसापासून माझा जेवणाचा डबा ते बांधून द्यायचे, त्या रुमालावर त्यांनी शाईने लिहिलं, "उबुकाता यांस." शाळेत भूगोल शिकवून दमलेले असायचे, तरी सकाळी उठून डबा भरायचे. रुमाल विटला की नव्यावर पुन्हा तेच लिहायचे. प्रयोगशाळेतल्या मुलांना वाटायचं, डबा खानावळीतून येतो.

शेवटचा रुमाल माझ्याकडे आहे. तेवढं नाव मला पुरे.

भावोजींना दवाखान्यात नेलं का?

सुमिए


मियोसाका
२१ ऑक्टोबर १९९७
तातडीच्या टपालाने

सुमिए,

नाव कळवलं असशील तर आत्ताच्या आत्ता फोन करून थांबव. कळवलं नसशील तर बस आणि वाच.

यांना काल डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर वीसेक म्हातारी माणसं. यांची डुलकी लागली होती. आतून नर्स आली आणि हाक मारली, "कितझुमेसान! कितझुमेसान आहेत का?"

आणि हे उठले.

म्हणजे अर्धे उठले. गुडघे वाकलेले, हात काठीवर. मग तसेच थांबले, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच खाली बसले. कोपऱ्यातून एक तरणी मुलगी उठून आत गेली. तिचं आडनाव कितझुमे.

यांचंही होतं. माहेरचं. हसू नकोस, दुसरं काय म्हणणार? लढाई संपली, तात्सुजी लहान, दुकान बघायला पुरुष नाही, म्हणून बाबांनी यांना घरजावई करून आणलं आणि आमचं नाव दिलं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बरंच झालं की, कितझुमेंकडे होतं काय? डोंगरातली दोन शेतं आणि एक आंधळी घोडी.

दवाखान्यातून परत येताना विचारलं, "उठलात कशाला?"

"हं."

"हा कुठला 'हं'? नीट सांगा."

पूल ओलांडला. मग म्हणाले, "पाय उठले. मला न विचारता."

"पन्नास वर्षं झाली की हो होशिना होऊन!"

"ते मला माहीत आहे. पायांना कोण सांगणार?"

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं."

"तू कधी विचारलं नाहीस," म्हणाले. "तुझं नाव कुठे कधी बदललं?"

रागाने नाही गं म्हणाले. आज मुळे स्वस्त आहेत म्हणावं तसं म्हणाले. पण मी घरी येऊन दुकानाच्या पायरीवर बसले ती दिवे लागेपर्यंत. मी होशिना जन्मले आणि होशिनाच मरणार. मला आडनाव म्हणजे दारावरची पाटी वाटायची, पुसावी, रंगवावी. आणि मी तुला घासून काढायच्या गोष्टी लिहिल्या. तुझं नाणं, तुझा रुमाल हे वाचून दवाखान्याच्या आदल्या दिवशी मी थोडी रडले होते, पण खरं सांगते, तेव्हाही मनात होतं की बरं झालं, होशिनाच राहिली.

त्या रात्री जेवताना मी यांना विचारलं, "सुमिएने काय करावं?" यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "तिला अजून कोणी हाक मारतंय. तिने उठावं." एवढं लांब वाक्य यांनी मागे कधी उच्चारलं होतं ते मला आठवत नाही.

तेव्हा जा कचेरीत आणि घेऊन ये तुझं नाव. परत येताना मात्र इकडे यायचं, कळलं? तोफूवाल्याच्या सुनेसारखं केलंस तर नागोयाला येऊन तुझ्या सगळ्या जंतूंना खरंच ताप आणीन.

फलक आळीच्या प्रमुखांकडे नेला. कापड उलटं करून मागच्या बाजूने लिहून घेतलं, "उबुकाता सुमिए." प्रमुख म्हणाले, "या कोण? गावात अशा कोणी नाहीत." म्हटलं, "माझी भावजय आहे, लिहा गुपचूप." 'मियोसाकाची सून' मात्र तसंच ठेवलंय. ते मी काढू देणार नाही, पदक असो की नसो.

किनु


नागोया
६ नोव्हेंबर १९९७

ती. वन्सं,

तुमचं पत्र बुधवारी सकाळी आलं. मी काहीच कळवलं नव्हतं. सोमवारी फोन उचलला होता आणि खाली ठेवला होता. मंगळवारीही तसंच. तेव्हा तुमचे तातडीच्या टपालाचे पैसे वाया गेले नाहीत.

कचेरीतला कारकून नातवाच्या वयाचा. "आडनाव परत घ्यायचं काही खास कारण?" म्हणाला. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की नकलेत चूक राहिली होती, दुरुस्त करतेय. पण तात्सुजी काही चूक नव्हते. म्हणून म्हटलं, "पदक घ्यायचंय." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजी, इथे सही करा." त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. २८ तारखेला वर्तमानपत्र बघून तो बहुतेक खुर्चीवरून पडला असेल.

समारंभात मोरिवाकींनी मला न सांगता डेन्मार्कच्या त्या प्राध्यापकांना बोलावलं होतं. ते ऐंशीचे झालेत. मला म्हणाले, "म्हणजे आहात तर तुम्ही!" मग विचारलं, त्या शेवयांचं दुकान अजून आहे का.

मी रांगेत चौथी होते. कंबरपट्टा शेजारणीने इतका आवळला होता की नाव हाकारल्यावर उठता येईल की नाही याचीच मला चिंता. भाषणं चालू होती, माझं लक्ष नव्हतं, पट्ट्याच्या आत खोचलेला तात्सुजींचा रुमाल चाचपत होते. आणि कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "उबुकाता सुमिए."

भावोजींना सांगा, पाय उठले. मलाही विचारलं नाही त्यांनी. पूर्ण उठले. आणि मग, वन्सं, मी इतक्या लोकांसमोर रडले. वर्तमानपत्रातला फोटो बघून तुम्ही म्हणाल की मी शिंकतेय. शिंकत नव्हते.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाटीचं तुम्ही त्यात काही लिहिलं नाहीत, आणि मीही आता विचारणार नाही. ओळ घासून काढायची असेल तर काढा. होशिनांच्या दगडात दुसरं आडनाव बसत नसेल तर टेकडीच्या पायथ्याला कुठेतरी मला जागा द्या. तात्सुजींना हाक ऐकू गेली म्हणजे झालं. त्यांना वरून डबा घेऊन उतरायची सवय आहे.

नव्या वर्षाला येतेय. पदक आणू का? जड आहे, पण मिसोच्या पिंपावर वजन म्हणून ठेवता येईल.

सुमिए


मियोसाका
२२ मार्च १९९८

सुमिए,

हवा अशी आहे की टेकडीवरचा बर्फ गेला, वाटेवर चिखल आहे, आणि प्लमला कळ्या आल्यात. यावेळी मुद्दाम सगळं लिहिलंय.

नव्या वर्षाला तू आलीस तेव्हा तुला टेकडीवर जाऊ दिलं नाही. बर्फ आहे, पाय घसरेल म्हटलं. तू रात्रभर कूस बदलत होतीस, ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं. बर्फ होताच, पण कारण ते नव्हतं. थडग्याशेजारची पाटी जागेवर नव्हती. डिसेंबरातच दगडवाल्याकडे नेली होती. गारठ्यात कोरलं तर दगड तडकतो म्हणून त्याने मार्चपर्यंत हात लावला नाही. तुला आधी सांगितलं असतं तर तू रीतीप्रमाणे "माझी तेवढी लायकी नाही" म्हणाली असतीस आणि मला तुझी समजूत घालत बसावं लागलं असतं.

काल पितरांच्या दिवशी बसवली. जुनी ओळ घासून त्याच जागी नवी कोरलीय, तात्सुजीच्या नावाशेजारी आता "उबुकाता सुमिए" आहे. अक्षरं माझ्या पसंतीची, जरा मोठीच आहेत. मठातले गुरुजी आले होते. म्हणाले, "किनुसान, होशिनांच्या दगडात परक्याचं नाव?" मी म्हटलं, "परक्याचं कुठे, घरचंच आहे. इतकी वर्षं चुकीचं लिहिलं होतं." ते तुझ्यासारखे शिकलेले नाहीत, त्यांना पटायला पंधरा वर्षं लागली नाहीत. ओहागीचा डबा हातात दिला, लगेच पटलं.

यांनाही विचारलं होतं. म्हटलं, "पाटी दगडवाल्याकडे आहेच, तुमचंही कितझुमे करून घेऊ का?" आठ दिवस विचार केला. मग म्हणाले, "नको. माझं होशिनाच राहू दे, मला त्याची सवय झालीय. पण एकदा हाक मार."

आता तूच सांग, पन्नास वर्षांत मी नवऱ्याला 'अहो'च्या पलीकडे हाक मारलेली नाही. म्हटलं, बघू. काल टेकडीवर हे खालच्या नळावर बादली भरत होते. मी वर थडग्यापाशी उभी, आजूबाजूला अर्धं गाव. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि पोटातून ओरडले, "कितझुमेसान!"

सगळं गाव वळून बघायला लागलं. आणि हे, गुडघेदुखीवाले, डोळ्यांत औषध घालून आलेले, बादली तिथेच टाकून पायऱ्या चढत आले. वर आले तेव्हा धाप लागली होती आणि तोंडभर हसत होते. पाणी आणायला मलाच पुन्हा खाली जावं लागलं.

मग तुझं नाव रंगवलं. यांनी ब्रश धरला, मी चुका काढल्या. नवीन कोरलेल्या अक्षरांत लाल फार छान बसतो. नाव बदललं म्हणून रंगवायचं माझं काम सुटलं असं मात्र समजू नकोस. दर वर्षी मीच रंगवणार. माझं स्वतःचं नाव बिनरंगी झालं की मग तू येऊन रंगव. तेव्हा सोबत तो भूगोलवाल्याचा रुमालही आण, ब्रश पुसायला नाही, बघायला.

रंग अजून ओला आहे. तू इकडे यायची घाई करू नकोस.

किनु

ता. क. कावळा आला होता. या वेळी दोन नेले.